हापूस काढल्यावर औषधाविना कसा टिकवावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: रत्नागिरीजवळ घरची थोडी कलमं आहेत. आंबा दलालाकडे न देता पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांत थेट पाठवायचा आहे. काढणीनंतर बुरशीनाशक नको, पिकवायची पावडर तर नकोच. पण पिकता पिकता बऱ्याच फळांना देठाकडून काळी कूज धरते, काहींवर काळे ठिपके येतात. कडुनिंब, हळद, कोरफड, राख, विटा-वाळूची शीतपेटी यांतलं काय उपयोगी पडेल? आणि खाणाऱ्याला बाधणार नाही याची काळजी कशी घ्यायची?

आंब्याची काढणी, प्रतवारी आणि पॅकिंग हेच माझं काम आहे, म्हणून हापूसपुरतंच आणि जरा सविस्तर सांगतो. आंब्याला वरून काय चोपडावं हा प्रश्न अगदी शेवटचा आहे. तुमच्या पेटीत दिसणारी कूज पेटीत सुरू झालेली नाही. ती बागेतूनच फळासोबत आली आणि काढणीच्या दिवशी तिला वाट करून मिळाली.

हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप लागतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवू. काळे ठिपके म्हणजे करपा. मोहोराच्या आणि कणीच्या (नुकत्या धरलेल्या बारीक फळांच्या) दिवसांत दव पडलं, मळभ राहिलं किंवा अवकाळी पावसाची सर आली की या बुरशीचे बीजाणू कोवळ्या फळावर रुजतात, सालीत शिरतात आणि तिथेच थांबतात. कैरी हिरवी असेपर्यंत डोळ्यांना काहीही दिसत नाही. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात बुरशीला रोखून धरणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ती पुढे सरकत नाही. फळ पिकू लागलं की ही द्रव्यं कमी होत जातात, साखर वाढते, साल मऊ पडते आणि महिना-दोन महिने दडून बसलेली बुरशी चार दिवसांत वर येते. देठकुजीची बुरशी वेगळी. ती कलमावरच्या वाळक्या काटक्यांत, फांद्यांच्या सालीत वर्षभर राहते, डहाळीतून देठात उतरते आणि देठाच्या खळग्यातून फळात शिरते. म्हणून तिची कूज नेहमी वरून खाली पसरत जाते.

म्हणजे आंब्याकडे स्वतःचं संरक्षण आहे आणि ते हिरवेपणाशी बांधलेलं आहे. साल शाबूत राहिली, देठ जागेवर राहिला, चीक फळातच राहिला आणि फळ घाईनं तापून पिकलं नाही, तर हे संरक्षण जास्त दिवस टिकतं. औषधाविना आंबा टिकवण्याचा सगळा व्यवहार एवढ्यावर उभा आहे.

सुरुवात कलमापासून करा. पावसाळा संपला की वाळक्या काटक्या, मेलेल्या डहाळ्या, झाडावरच राहिलेले काळे पडलेले मोहोराचे दांडे काढून बागेबाहेर न्या आणि नष्ट करा. कलमाच्या पोटात ऊन-वारा शिरेल एवढी विरळणी करा. दाट, अंधाऱ्या जुन्या कलमांचा आंबा दिसायला कितीही सुंदर असला तरी पेटीत कमी टिकतो, हे तुम्हाला एका हंगामात दिसेल. फळ अंड्याएवढं झालं की त्याला कागदी पिशवी बांधणं हा मला औषधाविना आंबा करणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचा उपाय वाटतो. दवाचं पाणी सालीवर बसत नाही, फळमाशी पोहोचत नाही, फांदी घासून डाग पडत नाहीत, साल एकसारखी आणि तुकतुकीत होते. साक्याचं, म्हणजे आतून गर बिघडण्याचं, प्रमाणही कमी होतं. मजुरी लागते, हे खरं. पण थेट घरी पाठवायच्या आंब्याला ती परवडते, आणि सगळी बाग नाही झाली तरी हाताला येणाऱ्या फांद्या तर होतातच.

फळमाशीचं वेगळं सांगायला हवं, कारण काढणीनंतर तिच्यावर घरगुती उपाय उरत नाही. माशीनं सालीखाली अंडी घातली असतील तर फळ बाहेरून चांगलं दिसतं आणि कापल्यावर अळ्या निघतात. २०१४ साली युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयात बंद केली होती ती याच किडीमुळे. २०१५ मध्ये ती उठली, पण युरोपला जाणाऱ्या आंब्याला उष्णजल प्रक्रिया आवश्यक झाली. कोकण कृषी विद्यापीठानं विकसित केलेला रक्षक सापळा बागेत टांगा. त्यातल्या गंधाकडे नर माश्या ओढल्या जातात आणि पुढची पैदास घटते. सापळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पडलेला आंबा रोज गोळा करणं. कलमाखाली सडणारं एक फळ पुढच्या कितीतरी माश्यांना जन्म देतं. ते खोल खड्ड्यात पुरा किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भर उन्हात ठेवा.

आता काढणी. आंबा किती तयार असताना उतरवायचा हे पहिलं. चौदा आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार फळ काढावं असं आपल्याकडे म्हणतात आणि ते बरोबर आहे. देठाजवळचे दोन्ही खांदे भरून वर आलेले असतात, देठाशी खळगा पडतो, हिरव्या रंगाची तकाकी जाऊन तो किंचित फिकट होतो. शंका असेल तर पाण्याच्या बादलीत चारदोन फळं सोडून बघा. कोवळं फळ तरंगतं, तयार फळ बुडतं. कोवळा आंबा पिकत नाही, सुरकुततो. उलट झाडावर फार राहिलेला, पाड लागलेला (झाडावरच पिकू लागलेला) आंबा दोन दिवसांत मऊ होतो आणि हापूसमध्ये त्याला साका होण्याचा धोकाही वाढतो. साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस होतो; बाहेरून ओळखू येत नाही. तो रोग नाही, कोणत्याही बुरशीचं काम नाही. जास्त पक्व झालेलं फळ, तापलेली जमीन आणि काढल्यावर उन्हात पडलेला ढीग या तीन गोष्टी त्याला पोसतात. कलमाखाली पातेरा (गळलेली वाळकी पानं) किंवा गवताचं आच्छादन ठेवलं की जमिनीवरून परत येणारी धग कमी होते. पातेरा जाळू नका, कलमाखालीच राहू द्या.

पाऊस पडून गेला असेल तर निदान एक-दोन दिवस काढणी थांबवा. पाण्यानं भरलेलं फळ हलक्या दाबानंही दुखावतं. मे अखेरीस वळवाच्या दोन-चार सरी झाल्या की उरलेला आंबा लांब पाठवूच नका. तो गर काढण्यासाठी किंवा साठांसाठी (आंबापोळीसाठी) ठेवा. ग्राहक नाराज होण्यापेक्षा त्याला सरळ सांगावं, की हंगाम संपला.

सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर आंबा उतरवा. भर दुपारी उन्हातल्या फळाचा गर हवेपेक्षाही गरम असतो. फळ काढल्यावरही श्वास घेत असतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग दुपटीहून वर जातो. दुपारी काढून चार तास उन्हात राहिलेल्या आंब्याचं आयुष्य त्याच दिवशी कापलं गेलेलं असतं, पुढे काहीही करा. भल्या पहाटे मात्र फळात पाण्याचा दाब जास्त असतो आणि देठ तुटला तर चीक जोरात उडतो, म्हणून दव सुकलं की सुरुवात करावी.

देठ हा या सगळ्याचा गाभा आहे. दोन-तीन बोटं देठ ठेवूनच फळ काढायचं. झाड हलवणं, काठीनं पाडणं, पिळवटून तोडणं यांत देठ मुळाशी सुटतो. मग दोन नुकसानं एकदम होतात. चीक सालीवरून ओघळतो आणि जिथे लागला तिथे साल भाजल्यासारखी काळी पडते. दुसरं म्हणजे देठाच्या जागी उघडी जखम राहते आणि देठकुजीला दार मिळतं. दापोलीच्या याच कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे काठीला पातं आणि जाळं लावलेलं अवजार, यासाठीच आहे: त्याचं पातं देठासकट फळ कापतं आणि फळ जाळ्यात अलगद येतं. पात्याला धार हवी आणि दिवसातून दोनतीनदा ते स्वच्छ पुसायला हवं. झेल्यात एका वेळी फार फळं घेतली तर एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत रुततो. दोनतीन झाली की झेला खाली घ्या. वरून टाकलेला, जमिनीवर पडलेला आंबा वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा. त्याला डाग दिसत नसला तरी तो पाठवायच्या पेटीत जाता कामा नये. हा नियम गड्यांना पहिल्या दिवशी सांगा आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळा.

क्रेट सावलीत ठेवा, तळाला कागद घाला, काठोकाठ भरू नका. मांगरात (बागेतल्या खोपीत) किंवा पडवीत आणल्यावर फळं एकेरी पसरा, वारा लागू द्या. नंतर कात्रीनं देठ सेंटीमीटरभर ठेवून कापा. कापताना फळ उलटं धरा, आणि चीक थांबेपर्यंत फळ देठ खाली करून जाळीवर किंवा फळीच्या फटीवर ठेवा. मातीवर ठेवू नका. चिकाला माती चिकटली की ती धुऊनही निघत नाही आणि मातीतून येणाऱ्या जंतूंचा प्रश्न वेगळाच.

यानंतर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: गरम पाणी. काढणीनंतर बुरशीवर औषधाविना चालणारा, जगभर तपासलेला आणि घरच्या पातळीवर करता येणारा उपाय हाच आहे. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं. सालीच्या वरच्या थरात दडलेली बुरशी या उष्णतेनं मरते किंवा लुळी पडते, आणि फळाला इजा होत नाही. करप्यावर याचा परिणाम फार चांगला दिसतो. देठकुजीवर थोडा कमी, कारण ती देठाच्या आत खोल असते. तिथे देठ राखणं आणि झाडाची स्वच्छता हेच खरं काम करतात.

पण हे अंदाजानं करायचं काम नाही. बोट घालून पाणी किती गरम ते कळत नाही. साधा काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर घ्या. ५० च्या खाली बुरशी बचावते, ५५ च्या वर साल भाजते आणि नंतर तपकिरी होते. फळं सोडली की पाणी लगेच दोनतीन अंश उतरतं, म्हणून फळांच्या वजनाच्या चार-पाचपट पाणी हवं. मोठ्या तपेल्यात किंवा स्टीलच्या टाकीत, खाली मंद आच, वरून लाकडी फळीनं पाणी ढवळत राहणं, आणि फळं जाळीच्या टोपलीत पूर्ण बुडालेली. वर तरंगणारी बाजू कोरडी राहिली तर ठिपके नेमके तिथेच येतात. काढणी झाल्यापासून चोवीस तासांच्या आत हे करा. कोवळं फळ, पावसात भिजलेलं फळ आणि पाड लागलेलं फळ गरम पाण्यात घालू नका. ते सहन करत नाही. आपल्या बागेतली दहाबारा फळं आधी करून, पिकेपर्यंत बघून मग पुढे जा. आणि हे लक्षात ठेवा, की या १० मिनिटांत फळमाशीची अंडी मरत नाहीत. युरोपसाठी जी प्रक्रिया करतात तिच्यात ४८ अंशांचं पाणी आणि पूर्ण ६० मिनिटं लागतात. ते यंत्रावरचं काम आहे, चुलीवरचं नाही.

बाहेर काढल्यावर थंड करण्यात पुष्कळ जण गडबड करतात आणि सुरक्षिततेचा सर्वांत गंभीर मुद्दा इथेच आहे. गरम फळ गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्यात जंतू असतील तर ते गरात जाऊन बसतात. तिथून कोणतंही धुणं त्यांना काढू शकत नाही. १९९९ साली अमेरिकेत साल्मोनेला या जुलाब आणणाऱ्या जंतूची साथ आली. तिचा माग ब्राझीलहून आलेल्या आंब्यांपर्यंत लागला, आणि गरम पाण्यानंतर फळं थंड करायला वापरलेल्या पाण्याकडे बोट गेलं. तो आंबाही वरून सुरेखच दिसत असणार. तेव्हा घरच्या पातळीवर फळं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर एकेरी पसरून गार होऊ द्या आणि पूर्ण कोरडी करा. विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी थंड म्हणून ओतू नका. धुवायचंच असेल तर पिण्यालायक पाण्यानं, फळ हवेच्या तापमानाला आल्यावर, वाहत्या धारेखाली. एकाच टबात शंभर फळं बुडवून धुतली तर एका कुजक्या फळाचे बीजाणू सगळ्यांना वाटले जातात.

हात आणि जागा यांचंही तसंच. आंबा हाताळणाऱ्यांनी साबणानं हात धुवावेत, ज्याला जुलाब किंवा हाताला जखम आहे त्यानं त्या दिवशी पॅकिंग करू नये. जिथे खताची पोती, कीटकनाशकाचे डबे, डिझेल, कोंबड्या किंवा उंदीर असतील त्या खोलीत फळ ठेवू नये. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या फळात हे सांभाळलेलं नसेल तर औषध न वापरल्याचं समाधान पोकळ आहे. मला या गोष्टीची काळजी फार वाटते, कारण औषध टाळणाऱ्या बागायतदाराची नजर फवारणीच्या पंपावर खिळलेली असते आणि धुण्याच्या बादलीकडे जातच नाही.

आता तुम्ही विचारलेल्या वस्तू. कडुनिंबाच्या तेलाचा वास फळाला लागतो आणि हापूसचं मोल त्याच्या वासात आहे, म्हणून काढलेल्या फळावर नकोच. हळद आणि राख फळाचे श्वासरंध्र बुजवतात, साल मळवतात, आणि राख कुठून आली यावर तिचा सुरक्षितपणा ठरतो. लाभ मात्र डोळ्यांना दिसेल असा नाही. लवंग-दालचिनीची तेलं प्रयोगशाळेत बुरशी मारतात, पण परिणाम होईल एवढी मात्रा दिली की आंब्याला मसाल्याचा दर्प येतो. कोरफडीच्या गराचा पातळ लेप ओलावा रोखतो आणि पिकणं थोडं लांबवतो, हे खरं आहे. परंतु घरी काढलेला गर काही तासांत स्वतःच नासू लागतो आणि लेप जरा जाड झाला की फळ आतून गुदमरतं, रंग हिरवा राहतो, गराला आंबलेला वास येतो. मेणाचंही तेच. मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांचं) आणि लाख यांना भारतात ताज्या फळांवर परवानगी आहे, लेबलवर तसं सांगावं लागतं. लिंबूवर्गीय फळांना ते मानवतं. घरच्या चाळीस-पन्नास पेट्यांच्या हापूसला मी ते सुचवणार नाही.

खाण्याचा सोडा हापूसपेक्षा संत्र्या-मोसंब्याला उपयोगी. त्यांच्या हिरव्या बुरशीवर दोनतीन टक्क्यांचं सोड्याचं कोमट पाणी चांगलं काम करतं. नागपूरकडच्या नातेवाइकांची बाग असेल तर त्यांना जरूर सांगा.

विटा-वाळूची शून्य ऊर्जा शीतपेटी दिल्लीच्या पुसा (भारतीय कृषी संशोधन) संस्थेत १९८०च्या दशकात विकसित झाली. दोन भिंतींमधल्या वाळूवर पाणी शिंपडायचं, ते वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. कल्पना उत्तम आहे, पण ती कोरड्या हवेची आहे. विदर्भात ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी ओल्या कापडाचं तापमान २२ अंशांच्या आसपास उतरू शकतं, म्हणून तिथे ही पेटी जादू करते. रत्नागिरीत मे महिन्यात ३३ अंश आणि सत्तर टक्के दमटपणा असतो. तिथे कितीही पाणी शिंपडलंत तरी २८च्या खाली जाणार नाही. शिवाय आतली हवा पूर्ण ओली राहते आणि ती बुरशीला हवीच असते. कोकणात विटांवर खर्च करण्यापेक्षा खेळती हवा मिळवा: कौलारू, उंच छपराची खोली, समोरासमोर खिडक्या, जमिनीपासून हातभर वर जाळीच्या मांडण्या, रात्री खिडक्या उघड्या आणि दुपारी बंद.

आढीबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे आणि तो मलाही आहे. भाताच्या पेंढ्यात आंबा छान, सावकाश पिकतो. पण दोन गोष्टी बघा. पेंढा त्याच वर्षीचा, कडकडीत वाळलेला, धूळ झटकलेला हवा. गोठ्याच्या माळ्यावरचा जुना, ओल लागलेला पेंढा म्हणजे बुरशीची गादीच. दुसरं, थरावर थर चढवू नका. दोन थर पुष्कळ झाले. पिकणारी फळं उष्णता सोडतात आणि जाड आढीच्या मध्यभागी ती कोंडते. तिथले आंबे फिकट रंगाचे, बेचव होतात आणि कूजही तिथूनच सुरू होते. रोज आढी उघडून हात फिरवा, मऊ पडलेलं किंवा देठाशी काळं झालेलं फळ तेव्हाच बाहेर काढा. हल्ली मी क्रेटमध्ये कोऱ्या कागदावर एकेरी थर लावणं पसंत करतो. छापील वर्तमानपत्र टाळतो, शाई अन्नाला लागू नये म्हणून.

पिकवण्याच्या पावडरीला तुम्ही नाही म्हटलंत ते योग्यच केलंत. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला भारतात कायद्यानं बंदी आहे. त्याच्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येतात, आणि फळ बाहेरून पिवळं, आतून कच्चं राहतं. इथिलीन वायूला मात्र त्याच पंगतीत बसवू नका. तो फळ स्वतःच सोडतं. बंद खोलीत १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) तो वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. घरी तेच काम दोन पिकलेली केळी करतात: क्रेटमध्ये ठेवून वर सुती कापड टाका, एक-दोन दिवसांत सगळी फळं सोबत पिकू लागतात. याच कारणानं, आंबा टिकवायचा असेल तेव्हा पिकलेलं फळ, उदबत्तीचा धूर, गाडीचा धूर त्या खोलीपासून दूर ठेवा. या सगळ्यांत इथिलीन असतं.

पाठवताना फळ हिरवंच पाठवा. खोक्याला दोन बाजूंनी भोकं, एक थर, फार तर दोन, प्रत्येक फळ हलणार नाही इतपत कागदाची कात्रणं किंवा कोरडा पेंढा. सकाळी भरून दुपारी टपावर तापणाऱ्या गाडीपेक्षा संध्याकाळी सुटणारी गाडी निवडा. पेटीवर काढणीची तारीख लिहा.

पेटीत एक छापील चिठ्ठीही घाला, कारण निम्मं नुकसान ग्राहकाच्या घरी होतं. चिठ्ठीत एवढं असू द्या: पेटी आल्याबरोबर उघडून फळं एकेरी पसरा. हिरवा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण साधारण १२-१३ अंशांच्या खाली कच्च्या हापूसला थंडी बाधते, सालीवर करडे डाग पडतात आणि तो नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चारपाच दिवस राहतो. आणल्याबरोबर धुऊन ठेवू नका, खाण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा आणि अर्धा तास पाण्यात ठेवा, देठाजवळचा चीक निघून जातो. सालीवर चार काळे ठिपके असतील आणि खालचा गर घट्ट, स्वच्छ असेल तर तेवढा भाग जाडसर कापून आंबा खाता येतो. गर पाणथळ झाला असेल, आंबूस वास येत असेल किंवा बुरशीचा केसाळ थर दिसत असेल तर तेवढाच तुकडा काढून बाकीचा खाऊ नका. मऊ फळात बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते.

शेवटी, जी फळं पाठवण्याजोगी नाहीत पण निरोगी आहेत, म्हणजे लहान, घासलेली, देठ सुटलेली, ती ताबडतोब वेगळी वापरा. गराचं साठं घालताना ताटाला तूप लावून पातळ थर, वर बारीक जाळी, आणि पहिल्या उन्हात तो वरून सुकला पाहिजे. मळभ असेल तर त्या दिवशी साठं घालू नका, आंबतं. मोरांब्याला साखर सढळ हातानं आणि पाक पक्का. साखर कमी केली तर तो फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. बाटलीत रस भरायचा तर तो चांगला उकळी येईपर्यंत तापवून, उकळलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरा, झाकण लावा आणि भरलेल्या बाटल्या पुन्हा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. हापूसचा रस आंबटसर गटातला असल्यानं एवढ्या उष्णतेनं तो राखता येतो. झाकण फुगलेली किंवा उघडताना फसफसणारी बाटली चाखून बघू नका, ओतून टाका.

या हंगामात निम्मी फळं गरम पाण्यातून काढा, निम्मी तशीच ठेवा, दोन्ही क्रेटवर खुणा करा आणि कोणत्या कलमाची फळं कोणत्या दिवशी कुठून बिघडली ते वहीत टिपून ठेवा. देठाकडून जास्त बिघडली तर पुढच्या वर्षी जोर छाटणीवर आणि झेल्यावर द्यायचा. अंगावर ठिपके जास्त आले तर कागदी पिशव्यांवर आणि पाण्याच्या तापमानावर.